रात्री बायकांच्या वॉर्डात पुरुष चालत नाहीत

2025 च्या 2 जुलैला माझ्या बायकोचं गर्भाशय काढण्याचं ऑपरेशन बांबोळीच्या गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात, झालं. ऑपरेशन ठरलं तेव्हा मी मराठीत बरंच शोधून वाचलं. आजाराविषयी, ऑपरेशनच्या प्रकारांविषयी भरपूर सापडलं. पण सोबतच्या माणसानं कुठले कागद धरून कुठे उभं राहायचं, रात्री कोण थांबणार, घरी आणल्यावर पुढचे दोन महिने घर कसं चालवायचं, हे कुणी तारीखवार लिहिलेलं मिळालं नाही. म्हणून हे लिहितोय. तिनं आधी वाचलंय, एक परिच्छेद काढायला लावलाय आणि एक स्वतः सांगून घालायला लावलाय.

आम्ही म्हार्दोळच्या बाजूला राहतो. मी कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत एका कंपनीच्या स्टोअरला आहे. हिचं वय 46, घरी शिवणकाम करते. मुलगी कॉलेजात, मुलगा तेव्हा बारावीला. शिवाय माझी आई. बायको गावातल्या महिला भजनी मंडळात आणि चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, फुगडी पथकात आहे. हे मुद्दाम सांगतोय, कारण पुढचं निम्मं काम त्या बायकांनीच निभावलं.

सुरुवात शिगम्याच्या सुमाराला झाली. पाळी आठ-आठ, दहा-दहा दिवस चालायची, गाठी पडायच्या. ही म्हणायची, वयच आहे, उन्हाळाही आहे, होतं असं. मला ते पटल्यासारखं वाटत होतं. खटकलं ते तिच्या मैत्रिणीला. भजनात तिच्या शेजारी बसणारी ही बाई एका संध्याकाळी आमच्या दारात उभी राहिली आणि म्हणाली, "भावोजी, हिला ओळ पुरत नाही हो. पूर्वी एका दमात ओढायची, आता मध्येच श्वास घेते. चेहरा बघा कसा पांढरा पडलाय." दुसऱ्या दिवशी मी हाफ डे टाकला आणि हिला फोंड्याला स्त्रीरोगतज्ज्ञांकडे घेऊन गेलो.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यातली ही गोष्ट. सोनोग्राफीला 1,300 रुपये लागले, रक्ताच्या तपासण्यांना 900. गर्भाशयात फायब्रॉइडच्या गाठी निघाल्या, सगळ्यांत मोठी 9 सेंटिमीटरची. आणि हिमोग्लोबिन 6.9. बाईमाणसाचं 12 च्या वर हवं. डॉक्टरीणबाईंनी आम्हा दोघांना समोर बसवून नीट समजावलं. या गाठी जवळजवळ नेहमीच साध्या असतात, कॅन्सरच्या नसतात. गोळ्यांनी रक्तस्राव काही काळ आवरता येतो, नुसत्या गाठी काढता येतात, त्यांचा रक्तपुरवठा बंद करण्याचाही उपचार आहे. पण गाठी अनेक असतील, त्रास एवढा असेल आणि पुढे मूल नको असेल तर गर्भाशय काढणं हा कायमचा उपाय. निर्णय तुमचा, घाई नाही. घाई आहे ती रक्त वाढवायची. एवढ्या कमी रक्तावर कुणी टेबलावर घेणार नाही.

हिनं डॉक्टरांना एकच विचारलं, "अंडाशय राहतील ना?" ठीक असतील तर ठेवू, म्हणाल्या. ऑपरेशन ठरवणाऱ्या प्रत्येक बाईनं हा प्रश्न विचारावा, असं मला आता वाटतं. पाळी जायच्या आधीच दोन्ही अंडाशय काढले तर अंगातून वाफा येणं, झोप उडणं हे सगळं एकदम सुरू होतं. ते राहिले तर पाळी थांबते, पण बाकी शरीर आपल्या गतीनं चालतं.

एका खासगी इस्पितळात खर्च विचारला. खोलीप्रमाणे 85 हजारांपासून सव्वा लाखापर्यंत सांगितला. दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड आमच्याकडे होतं. गोव्यात निदान पाच वर्षं राहिलेल्या कुटुंबांसाठी 2016 पासून ही योजना आहे. तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाखांपर्यंत आणि चार किंवा जास्त माणसं असतील तर चार लाखांपर्यंत. यादीतल्या खासगी इस्पितळातही ती चालते. पण हिचं रक्त एवढं कमी, लागलंच तर रक्तपेढी हाताशी हवी, म्हणून आम्ही गोमेकॉ धरलं. माझ्या आईला तिच्या तरुणपणातलं, पणजी शहरातलं, मांडवीच्या काठावरचं गोमेकॉ आठवतं. तिच्या लेखी इस्पितळ म्हणजे तेच. तिनं लगेच होकार भरला.

आता कागदांचं. कार्डावर हिचं सासरचं नाव, आधारवर माहेरचं. ज्या कचेरीत हे दुरुस्त व्हायला हवं होतं तिथे एकानं सांगितलं चालेल, दुसऱ्यानं सांगितलं चालणार नाही, आणि यात आठवडा गेला. शेवटी लग्नाचा दाखला कामी आला. गोव्यात लग्न सिव्हिल रजिस्ट्रारकडे नोंदवलेलं असतंच, तेव्हा त्याची प्रमाणित प्रत काढून ठेवा आणि प्रत्येक अर्जाला जोडा. कार्डाचं नूतनीकरण झालंय की नाही तेही आजच उघडून बघा. आजारी माणूस घरात असताना हे धावपळीचं काम नको. मी एक प्लॅस्टिकची फाइल केली. पुढच्या कप्प्यात आधार, दीनदयाळ कार्ड, लग्नाचा दाखला, प्रत्येकाच्या चार झेरॉक्स. मागे सगळे रिपोर्ट तारखेच्या क्रमानं, सर्वांत नवा वर. ओपीडीत डॉक्टरांना ही फाइल दिली की त्यांचा आणि आपला दोघांचाही वेळ वाचतो.

फोंड्याच्या उपजिल्हा इस्पितळातून चिठ्ठी घेतली आणि एप्रिलच्या शेवटच्या मंगळवारी, 29 तारखेला, बांबोळी गाठली. घरापासून पाऊण तास. बाणस्तारीला वाहनांची रांग लागली तर सव्वा तास धरा. सकाळी साडेसातला पोचलो, केसपेपर काढला, साडेअकराला नंबर लागला. डॉक्टरांनी तपासून तेच सांगितलं: ऑपरेशन लागेल, पण आधी हिमोग्लोबिन 10 च्या पुढे न्या. शिरेतून लोह द्यायचं ठरलं, पाळीत रक्तस्राव आटोक्यात ठेवायच्या गोळ्या दिल्या आणि मे महिनाभर घरी थांबायला सांगितलं.

लोह शिरेतून दिलं तरी रक्त चढायला तीन-चार आठवडे लागतात, ही गोष्ट आम्हाला मनाला समजवावी लागली. सोबत गोळ्याही होत्या. त्या चहाबरोबर घेऊ नयेत, चहानं लोह अंगी लागत नाही. लिंबाच्या सरबताबरोबर घेतल्या तर चांगल्या. संडास काळी होते, त्याला घाबरायचं नाही. मेच्या अखेरीस हिमोग्लोबिन 9.2 झालं, जूनच्या मध्यावर 10.6. तो कागद हातात पडला तेव्हा ही रक्तपेढीच्या बाहेरच्या बाकावर बसून हसली. कितीतरी दिवसांनी हसताना बघितली.

मग भूलतज्ज्ञांची तपासणी. ईसीजी, छातीचा एक्स-रे, साखर, थायरॉइड, कावीळ आणि एचआयव्हीच्या चाचण्या. तोंड उघडून दात बघितले, हलणारा दात आहे का विचारलं. कुठल्या गोळ्या चालू आहेत, कशाची ॲलर्जी आहे, मागे कधी भूल दिली होती का, हे सगळं विचारतात. लिहून नेलं होतं त्यामुळे बरं झालं. ऑपरेशनची तारीख मिळाली 2 जुलै, बुधवार. दाखल व्हायचं सोमवारी 30 जूनला.

आईनं ग्रामदेवतेपुढे कौल लावायचा आग्रह धरला. कौल उजवा झाला. आई शांत झाली आणि खरं सांगायचं तर हीसुद्धा. उजवा आला नसता तरी आम्ही तारीख तीच ठेवली असती. पण घरातल्या थोरल्या माणसाचा जीव थाऱ्यावर असणं हीही तयारीच आहे.

रक्तदात्यांची व्यवस्था करा, असं इस्पितळात सांगितलं होतं. तिला लागणाऱ्या रक्ताच्या बदली रक्त द्यायला दोघेतिघे हवेत. माझ्या कंपनीतल्या मित्रानं हे काम अंगावर घेतलं. "तू यात पडू नकोस, माणसं मी आणतो," म्हणाला. तो गावच्या फुटबॉल क्लबात खेळतो, त्यामुळे पोरांची त्याला कमी नव्हती. तरी सगळ्यांचं रक्त घेतलं जात नाही. वय 18 ते 65, वजन निदान 45 किलो, हिमोग्लोबिन 12.5 च्या वर, आणि पुरुषानं आधी रक्त दिलं असेल तर मध्ये तीन महिने गेलेले हवेत. हल्लीच टॅटू काढलेल्या एका मुलाला परत पाठवलं. आणि 24 जूनला सांज्यांव, म्हणजे सेंट जॉनचा सण, असतो. कोपेल, म्हणजे फुलापानांचा मुकुट, घालून विहिरीत उड्या मारणाऱ्यांना दुसऱ्या दिवशी सकाळी रक्त द्यायला आणू नये, हे मित्राला आधीच ठाऊक होतं. त्यानं 27 तारीख धरली. पोटभर नाश्ता करवून, आपल्या गाडीतून पोरांना घेऊन आला, रक्त देऊन झाल्यावर सगळ्यांना चहा-भाजीपाव खिलवला आणि मला पैसे काढू दिले नाहीत.

याच दिवसांत रात्रीचा प्रश्न आला. वॉर्डात चौकशी केली तेव्हा सिस्टरनी स्पष्ट सांगितलं, रात्री बायकांच्या वॉर्डात पुरुष चालत नाहीत. सोबत बाईच हवी. नियम बरोबरच आहे. तिथे प्रत्येक खाटेवर कुणी ना कुणी अर्धवट कपड्यांत, नळ्या लावून पडलेली असते. पण आमच्या घरात बाई म्हणजे 74 वर्षांची आई आणि परीक्षेला बसलेली मुलगी. हिची बहीण बेळगावला. मी घरी येऊन ओसरीवर बसलो आणि मला काही सुचेना.

हिनंच भजनातल्या त्या मैत्रिणीला फोन केला. रात्री साडेनवापर्यंत सगळ्या बायकांचं आपसात बोलणं झालं आणि माझ्या फोनवर एका वहीच्या पानाचा फोटो आला. निळ्या पेनानं रेघा मारलेल्या. डावीकडे तारखा, मध्ये रात्री थांबणारीचं नाव, उजवीकडे तिला सोडणार कोण आणि सकाळी आणणार कोण. खाली एक ओळ: "सकाळची पेज: मावशी. घरचं दुपारचं जेवण: वहिनी. भावोजींनी फक्त दिवसा थांबायचं." त्यांतली एक अंगणवाडीत काम करते, एक पहाटे उठून फुलांच्या माळा करून देवळाजवळ विकते, एकीचं भुसारी दुकान आहे. कुणाचीच रात्र रिकामी नव्हती.

लोक विचारतात, "काही लागलं तर सांगा हं." मनापासूनच म्हणतात. पण त्या वेळी आपल्याला काय लागणार आहे तेच सुचत नाही, आणि मग आपण म्हणतो, "नाही, नाही, सगळं ठीक आहे." त्या पानानं मला एक गोष्ट शिकवली. मदत करणाऱ्याला काम, वार आणि वेळ सांगावी. "शुक्रवारी संध्याकाळी मुलाला शिकवणीवरून आणशील?" असं विचारलं की माणूस हो म्हणतो आणि आणतोही. पुढे मी सगळ्यांना तसंच विचारत गेलो.

30 जूनला दाखल झालो. पाऊस असा की मेरशीच्या चौकात समोरचं दिसत नव्हतं. बरोबर काय न्यावं ते सांगतो. पुढून बटणं असलेले दोन सैल गाऊन, सुती लुगड्याचा मऊ तुकडा, थर्मास, झाकणाचा पेला, चमचा, वाकणारी स्ट्रॉ, लांब वायरचा चार्जर, रबरी चपला, सोबतीणीसाठी चटई आणि पांघरूण. आणि एक छोटी उशी. ती कशाला ते पुढे येईल. नेलपॉलिश घरीच काढून जा. बोटाला प्राणवायू मोजायचा चिमटा लावतात, नखं स्वच्छ असलेली बरी.

1 तारखेला संमतीच्या कागदावर सह्या झाल्या. डॉक्टरांनी काय काढणार, काय ठेवणार, रक्तस्राव झाला तर काय, मूत्राशयाला किंवा आतड्याला इजा व्हायची शक्यता किती थोडी, हे सांगितलं. ऐकताना पोटात गोळा आला. हिनं मात्र दोनदा थांबवून विचारलं आणि मगच सही केली. रात्री दहानंतर काही खायचं नाही.

2 तारखेला सकाळी सहाला मी वॉर्डाच्या दाराशी होतो. रात्रीची मैत्रीण हिची वेणी घालत होती, दोन वेण्या, घट्ट. हिरव्या बांगड्या निघता निघेनात. साबण लावून एकेक काढली, शेवटची फुटली. हिचा चेहरा उतरला. मैत्रिणीनं तुकडे मुठीत घेतले आणि म्हणाली, "वाढली गं. चवथीला नवीन भरू." मंगळसूत्र हिनं रुमालात बांधून माझ्या हातात दिलं, ते मी शर्टाच्या आतल्या खिशात ठेवून वर सेफ्टी पिन लावली. पावणेनऊला तिला आत नेलं.

बाहेर बाकावर आम्ही चौघं. मित्र, वहिनी, पेज घेऊन आलेली मावशी आणि मी. कुणी फारसं बोलत नव्हतं. मित्रानं माझा फोन मागून घेतला. "आता सगळ्यांचे फोन मी घेतो. संध्याकाळी एकच निरोप सगळ्यांना पाठवू." हे फार मोलाचं काम होतं. नातेवाइकांचे फोन काळजीपोटीच येतात, पण प्रत्येकाला पहिल्यापासून सांगताना आपला धीर सुटत जातो. त्यातही कुणीतरी त्यांच्या ओळखीतल्या बाईचं ऑपरेशन कसं बिघडलं होतं ते सांगतं. मित्रानं ते सगळं आपल्या कानांवर झेललं.

पावणेबाराला आतून हाक आली. पेशंटचं नाव घेऊन "सोबत कोण?" म्हणून. मी दाराशी गेलो. डॉक्टर म्हणाले, व्यवस्थित झालं, अंडाशय दोन्ही ठेवलेत, रक्ताची एक बाटली लागली. मग एका स्टीलच्या ट्रेमध्ये काढलेलं गर्भाशय दाखवलं. काय बघणार आहे याची मला कल्पना नव्हती. नारळाएवढं, गुलाबी-पांढरं, गाठींनी वेडंवाकडं झालेलं. याच जागेत आमची दोन्ही मुलं वाढली, हा विचार क्षणात आला आणि डोळे भरले. डॉक्टर दोन क्षण थांबले. घाई केली नाही, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे.

थोड्या वेळानं एक झाकणाचा पांढरा डबा माझ्याकडे आला. आत फॉर्मॅलिन. वर चिकटपट्टीवर हिचं नाव, वय, केसपेपरचा नंबर. सोबत भरलेला फॉर्म. तपासणीसाठी तो पॅथॉलॉजीत पोचवायचा होता. डबा अपेक्षेपेक्षा जड होता. दोन्ही हातांनी छातीशी धरून मी त्या लांब व्हरांड्यातून चाललो. मित्र पुढे होऊन वाट करून देत होता. खिडकीवर द्यायच्या आधी डब्यावरचं नाव, नंबर आणि फॉर्मवरचं नाव, नंबर जुळतात का ते एकदा वाचून घ्या. पावती घ्या आणि तिचा लगेच फोटो काढा. रिपोर्टला पंधरा दिवस सांगितले.

दुपारी अडीचला तिला वॉर्डात आणलं. कमरेखाली बधिर, ओठ कोरडे. पहिला शब्द "पाणी", दुसरा "मुलं जेवली?" पाणी द्यायचं नव्हतं. कापूस भिजवून ओठांवर फिरवायला सिस्टरनी परवानगी दिली. सात वाजता मला बाहेर पडावं लागलं. रात्रीची मैत्रीण चटई घेऊन आली होती. घरी जाताना गाडीत मी मित्राला विचारलं, "काही झालं तर?" तो म्हणाला, "बरें जातलें रे. ती आहे ना तिथे."

दुसऱ्या दिवशी लघवीची नळी काढली आणि उठवून बसवलं. चालायलाच हवं, नाहीतर पायात रक्ताची गुठळी व्हायची भीती असते. इथे ती उशी लागते. उठताना, खोकताना, हसताना पोटावर उशी दाबून धरायची, टाक्यांवरचा ताण बराच कमी होतो. उठताना सरळ उठायचं नाही. आधी कुशीवर व्हायचं, पाय खाली सोडायचे, मग हाताच्या जोरावर बसायचं. प्रत्येक राउंडला डॉक्टर एकच विचारत, "गॅस सुटला का?" तो सुटेपर्यंत खायला मिळत नाही. 4 तारखेला पहाटे मला मैत्रिणीचा निरोप आला: "भावोजी, सुटला. पेज आणा." त्या दोन शब्दांनी घरात आनंदीआनंद झाला. मावशीनं उकड्या तांदळाची पेज थर्मासात भरली, वर थोडं मीठ. दोन चमचे खाल्ले हिनं, पण खाल्ले.

त्याच रात्री ताप आला. 101. मला ते सकाळी कळलं आणि वॉर्डाच्या दाराशी वाट बघताना जीव वर-खाली होत होता. मैत्रिणीनं रात्री प्रत्येक वेळेचा ताप वहीत लिहून ठेवला होता: साडेअकरा, दोन, चार. ती वही डॉक्टरांनी मागून घेतली. लघवीची तपासणी झाली, जंतुसंसर्ग निघाला, औषध बदललं, दीड दिवसात ताप उतरला. ऑपरेशननंतर असा संसर्ग होऊ शकतो, पण वेळेत सांगितलं पाहिजे. तेव्हा वही आणि पेन सोबतीणीजवळ असूच द्या.

6 तारखेला आषाढी एकादशी होती. गावात देवळात भजन, मंडळातल्या सगळ्याजणी तिथे गाणार होत्या. हिचं तिथलं गाणं हुकलं म्हणून ही हिरमुसली होती. त्या रात्री माळावाली मैत्रीण भजन अर्धं सोडून, उपवासाच्या पोटी, बांबोळीला आली. शेजारच्या खाटेवर काणकोणची एक आजी होती, तिनं गायला सांगितलं. सिस्टर म्हणाल्या, दहा मिनिटं, हळू. ही पोटावर उशी धरून टाळ्या देत होती, असं मला दुसऱ्या दिवशी त्या आजीनंच सांगितलं.

8 जुलैला घरी सोडलं. डिस्चार्जच्या कागदावर कुठली गोळी किती दिवस, टाके कधी काढायचे, पुन्हा कधी यायचं, हे तिथेच वाचून विचारून घ्या. आणि कधी ताबडतोब परत यायचं तेही: 100.4 च्या वर ताप, जखमेतून पू किंवा लाली वाढणं, अंगावरून ताजं रक्त जास्त जाणं किंवा घाण वास येणं, एका पायाला सूज आणि दुखणं, दम लागणं. हे मी मोठ्या अक्षरात लिहून फ्रिजवर लावलं. परतीच्या वाटेवर मित्रानं गाडी बैलगाडीच्या वेगानं चालवली. भोमच्या खड्ड्यांतही हिला कळ आली नाही.

खर्चाचा हिशोब सांगतो. आधीच्या तपासण्या, बाहेरून आणलेली काही औषधं, पेट्रोल, जेवणखाण, कमोडची खुर्ची 1,800, पोटाचा पट्टा 450, असं सगळं धरून 17 हजारांच्या आसपास गेले. दाखल असतानाचा उपचार कार्डावर झाला.

घरचं पर्व मला वाटलं त्याहून लांब होतं. सहा ते आठ आठवडे जड उचलायचं नाही. पाण्याची कळशी नाही, गॅसचा सिलिंडर तर नाहीच, आणि आपल्याकडे रोज लागणारी गोष्ट म्हणजे विळीवर बसून नारळ खवणं, तेही नाही. खाली बसून पुढे झुकून जोर लावायचा, सगळा ताण पोटावरच येतो. नारळ मी खवायला लागलो. आधी करवंटीचा काळा भाग यायचा, आई काही न बोलता तो वेचायची. शिवणयंत्र दोन महिने बंद. दुचाकी बंद. पोट साफ राहील असं खाणं: पपई, भाजी, भरपूर पाणी, कुंथायचं नाही. पतिपत्नीच्या संबंधांविषयी डॉक्टर स्वतःहून बोलतीलच असं नाही. आम्ही विचारलं, तपासणी होईपर्यंत थांबा म्हणाले. लाजून न विचारण्यासारखं त्यात काही नाही.

टाके 12 तारखेला फोंड्यालाच काढले. 17 तारखेला मी पावती घेऊन बांबोळीला गेलो. रिपोर्ट साधा. कॅन्सर नाही. व्हरांड्यात उभं राहून आधी हिला फोन केला, मग मित्राला, मग वहीचं पान पाठवणाऱ्या मैत्रिणीला. तिघंही काही क्षण बोललीच नाहीत.

आता हिनं सांगून घालायला लावलेला परिच्छेद. रिपोर्ट चांगला आला, ताप गेला, जखम भरत आली, आणि तिसऱ्या आठवड्यात ती रडायला लागली. दुपारी, एकटी असताना. मी विचारलं की म्हणायची, काही नाही. भेटायला येणारे म्हणायचे, "बरं झालं, सुटलीस. आता त्याचं काय काम होतं?" तिला ते लागत होतं. तिला सुटकाही वाटत होती आणि काहीतरी गेलं असंही वाटत होतं, आणि दुसरी गोष्ट बोलायला जागाच मिळत नव्हती. गावातल्या एका बाईंचं हेच ऑपरेशन बऱ्याच वर्षांपूर्वी झालंय. त्या एक दिवस आल्या, मला चहा करायला आत पाठवलं, आणि दोघी दीड तास बोलत बसल्या. काय बोलल्या ते मला माहीत नाही. हिचं म्हणणं एवढंच, की ज्यांच्या घरात हे ऑपरेशन होईल त्यांनी बाईला तिचं वाईट वाटून घेऊ द्यावं, लगेच समजूत घालू नये. आणि रडणं थांबतच नसेल, झोप-जेवण उडालं असेल तर डॉक्टरांना सांगावं, तोही उपचाराचाच भाग आहे.

चवथ 27 ऑगस्टला होती, बरोबर आठ आठवड्यांनी. आदल्या आठवड्यात तपासणी झाली. जखम आतून-बाहेरून ठीक, हलकी कामं चालतील, पण फुगडी यंदा नको, असं डॉक्टरांनी सांगितलं. माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगायची फळापानांची आरास, मी आणि मुलानं बांधली. बायका आमच्या अंगणात फुगडीला आल्या तेव्हा ही खुर्चीवर बसून गाणी सांगत होती, आणि हातात नवीन हिरव्या बांगड्या होत्या. ओळ एका दमात ओढली की नाही ते मैत्रिणीनं बारकाईनं ऐकलं असणार.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात हिमोग्लोबिन 12.1 आलं. लोहाच्या गोळ्या डिसेंबर अखेरपर्यंत घ्यायला आणि जानेवारीत एकदा रक्त तपासायला सांगितलं. शिवणयंत्र सुरू झालंय. कमोडची खुर्ची धुऊन पडवीत ठेवली आहे. म्हार्दोळ, प्रियोळ, कुंडई या बाजूला कुणाला लागली तर घेऊन जा, पैसे द्यायचे नाहीत.